शिलंगणाच्या मुलखातील परदेशी : मेडोज टेलर आणि धाराशिवचा शरद

धाराशिव जिल्ह्यातील शरद ऋतूचे सण पाऊस, पीक, वाटा आणि सीमा या चार गोष्टींशी बांधलेले आहेत. भाद्रपदाच्या वद्य पक्षात पितरांचे स्मरण होते. त्याच दिवसांत तुळजापूरची भवानी निद्रा घेते आणि अमावास्येनंतर घट बसतात. दसऱ्याला शिलंगण होते, कोजागरीला पायी चालणाऱ्यांनी रस्ते भरतात आणि दिवाळीच्या अमावास्येला तुळजापुरात भेंडोळी पेटते. १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन याच काळात येतो. ही मालिका जवळून पाहून तिच्यावर विस्ताराने लिहिणारा आरंभीचा इंग्रज म्हणजे कर्नल फिलिप मेडोज टेलर. १८३९ साली त्याने भवानीला ठगांची देवी म्हणून जगापुढे आणले. १८६३ साली तीच देवी त्याच्या कादंबरीत एका विद्वान घराची कुलस्वामिनी झाली. या दोन पुस्तकांच्या मध्ये त्याची नळदुर्गातील वर्षे आहेत.

नळदुर्गचा अधिकारी

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूल येथे झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ साली, तो मुंबईतील एका व्यापाऱ्याकडे नोकरीसाठी आला. तो व्यापारी अडचणीत होता, म्हणून त्याच वर्षी टेलरने हैदराबादच्या निजामाच्या लष्करात नोकरी धरली. पुढील साडेतीन दशकांचा बहुतेक काळ त्याने दख्खनमध्ये काढला. येथील भाषा, कायदा आणि जमिनीची मोजणी या गोष्टी तो काम करता करता शिकला. हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांच्या मुलीशी त्याचा विवाह झाला. आजच्या कर्नाटकातील सुरपूर संस्थानात अल्पवयीन राजाच्या वतीने त्याने बारा वर्षे कारभार पाहिला.

मे १८५३ मध्ये निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा पश्चिम मुलूख कंपनीच्या कारभाराखाली आला. या पश्चिम मुलखाची जबाबदारी टेलरवर सोपवण्यात आली आणि त्याने नळदुर्ग हे मुख्य ठाणे केले. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत त्याची वऱ्हाडात बदली होईपर्यंत, म्हणजे सुमारे चार वर्षे, हा मुलूख त्याच्याकडे होता. १८६० च्या तहाने तो पुन्हा निजामाकडे गेला. त्याच वर्षी टेलर इंग्लंडला परतला.

नळदुर्गचा किल्ला बोरी नदीच्या वळणावर आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात नदीला बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधण्यात आला. बांधावरून पाणी वाहू लागले की नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात आणि महालात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर पाण्याचा पडदा उभा राहतो. मराठवाड्यात पावसाचा मोठा भाग सप्टेंबरमध्ये, परतीच्या वाटेवर, पडतो. त्यामुळे नळदुर्ग सर्वांत भरलेला दिसतो तो भाद्रपद-आश्विनात. टेलरने आपल्या आत्मचरित्रात या किल्ल्याचे वर्णन केले आहे. हे आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर, १८७७ साली, त्याच्या मुलीने संपादित करून प्रसिद्ध केले.

इंग्रजी शरदाची दिनदर्शिका

टेलर ज्या देशातून आला, तेथेही शरद हा कणगी भरण्याचा, आग पेटवण्याचा आणि मृतांना आठवण्याचा काळ आहे. २९ सप्टेंबरचा संत मायकेलचा दिवस इंग्लंडमध्ये खंड आणि भाडी चुकती करण्याचा, नवे करार करण्याचा दिवस होता. सुगीचे आभार मानणारी आजची चर्चमधली उपासना तुलनेने अलीकडची आहे. कॉर्नवॉलमधील मॉर्वेनस्टो या गावचे धर्मगुरू रॉबर्ट स्टीफन हॉकर यांनी १८४३ साली तिची सुरुवात केली, असे मानले जाते. ३१ ऑक्टोबरची रात्र आणि १ व २ नोव्हेंबरचे दिवस संतांच्या आणि मृतात्म्यांच्या स्मरणाचे आहेत.

५ नोव्हेंबरची रात्र होळ्यांची आहे. १६०५ साली काही कॅथलिक कटवाल्यांनी पार्लमेंटच्या तळघरात दारूची ३६ पिंपे ठेवून राजा पहिला जेम्स आणि सभागृह उडवून देण्याचा बेत केला. गाय फॉक्स त्या पिंपांवर पहारा करत असताना पकडला गेला. राजा वाचल्याच्या आनंदात लोकांनी होळ्या पेटवल्या आणि पार्लमेंटने हा दिवस दरवर्षी पाळण्याचा कायदा केला. तो १८५९ पर्यंत लागू होता, म्हणजे टेलर नळदुर्गात असताना ही स्मृती त्याच्या देशात सरकारी आज्ञेने पाळली जात होती. त्या रात्री फॉक्सचे बुजगावणे जाळले जाई आणि अनेक ठिकाणी पोपचेही. कॅथलिकांविषयीचा द्वेष या उत्सवात दीर्घकाळ मिसळलेला होता. तो हळूहळू ओसरला आणि आज मुख्यतः शोभेच्या दारूची रात्र उरली आहे.

टेलरच्या मृत्यूनंतर या दिनदर्शिकेत आणखी एक तिथी आली. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी अकरा वाजता पहिले महायुद्ध थांबले. १९१९ पासून त्या क्षणी दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाऊ लागली. १९२० साली लंडनमध्ये एडविन लुटियन्सने रचलेले दगडी सेनोटाफ उभे राहिले आणि १९२१ पासून कोटावर खसखशीचे लाल फूल लावण्याची रीत पडली. या स्मरणात भारताचा वाटा मोठा आहे. त्या युद्धात सुमारे ७४ हजार भारतीय मृत्युमुखी पडले. मेसोपोटेमियाच्या आघाडीवर मराठा पलटणी लढल्या. पुण्यात खडकीच्या युद्धस्मशानभूमीतही महायुद्धांतील मृतांची स्मारके आहेत.

घोरनिद्रा आणि घट

तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरावर, धाराशिवपासून सुमारे २२ आणि सोलापूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. रस्त्यावरून महाद्वारातून आत शिरले की पायऱ्या खाली उतरत जातात. वाटेत कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ लागते आणि मग गाभारा येतो. देवीची मूर्ती काळ्या पाषाणाची, अष्टभुजा आणि महिषासुरमर्दिनी रूपातील आहे. ती चल मूर्ती आहे, म्हणजे सिंहासनावरून हलवता येते. तुळजापूरचे सगळे वेगळेपण या एका गोष्टीतून आले आहे. चल असल्यामुळेच देवी निजते, पालखीत बसते, सीमा ओलांडते आणि परत सिंहासनावर येते.

वर्षातून तीन वेळा देवी पलंगावर निद्रा घेते. पहिली घोरनिद्रा भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत असते. दुसरी श्रमनिद्रा दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर कोजागरीपर्यंत आणि तिसरी मोहनिद्रा पौषात, शाकंभरी नवरात्रापूर्वी असते. घोरनिद्रेआधी देवीच्या गादीचा कापूस पिंजण्याचा विधी होतो. त्यात आराधी स्त्रिया देवीची गाणी म्हणत कापूस मोकळा करतात. महिषासुराशी लढण्यापूर्वी देवी शक्ती साठवते, असा या निद्रेचा अर्थ भाविक सांगतात. घरोघरी हेच दिवस पितृपक्षाचे असतात. शेतात उडीद, मूग निघालेले असतात आणि आता सोयाबीनच्या काढणीची घाई असते.

आश्विन शुद्ध प्रतिपदेला पहाटे देवी सिंहासनावर येते आणि घट बसतात. मंदिरात होते तेच प्रत्येक घरातही होते. पत्रावळीवर किंवा टोपलीत शेतातली काळी माती पसरतात, त्यात धान्य पेरतात, मध्ये पाण्याचा घट ठेवतात आणि रोज एक माळ चढवतात. दिवस मोजायचे तेही माळांवर : आज तिसरी माळ, उद्या चौथी. नऊ दिवसांत घटातले धान्य वीतभर पिवळसर वाढते. रब्बीची पेरणी तोंडावर असताना घराघरांत मातीचा आणि बियाण्याचा कस असा पाहिला जातो. कोणी नऊ दिवस उपवास करतात, कोणी घट बसताना आणि उठताना. इंग्लंडमधली सुगीची उपासना हाती आलेल्या धान्याचे आभार मानते. घटाची नजर मात्र पुढच्या पेऱ्यावर असते, कारण या अवर्षणप्रवण जिल्ह्यात ज्वारीचे पीक परतीच्या पावसाच्या ओलीवर येते.

नवरात्रात देवीच्या रोजच्या पूजेला अलंकार महापूजांची जोड मिळते. रथ, मुरली, शेषशाही, भवानी तलवार आणि महिषासुरमर्दिनी असे पाच अलंकार मांडले जातात. महिषासुरमर्दिनीचा मान दुर्गाष्टमीचा. रात्री छबिना निघतो. देवीची उत्सवमूर्ती वाहनावर बसवून मंदिराभोवती फिरवली जाते, पुढे संबळ वाजतो आणि आराधी हातात पेटता पोत घेऊन चालतात. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, कपाळावर मळवट आणि तोंडी ‘आई राजा उदो उदो’ हा गजर. जोगवा मागण्याचा अधिकार या वेशाला आहे आणि त्याला नाही म्हणायचे नसते.

शिलंगण

अष्टमीला होम होतो, नवमीला घट उठतात. त्या रात्री मानाची पालखी आणि पलंग तुळजापुरात पोहोचतात. पलंग पुणे जिल्ह्यातील घोडेगावाहून निघतो, पालखी अहिल्यानगरकडून येते आणि बुऱ्हाणनगरच्या भगत घराण्याकडे तिचा परंपरागत मान आहे. दशमीच्या पहाटे देवीला अनेक साड्यांची दिंडे गुंडाळून मूर्ती पालखीत ठेवतात. कुंकवाच्या उधळणीत पालखी मंदिराला प्रदक्षिणा घालते, पारावर थोडी विसावते आणि मग देवी नव्या पलंगावर श्रमनिद्रेला जाते. पलंग घडवणारे सुतार, पालखी वाहणारे तेली, पूजेचे भोपे व पाळीकर, गाणारे गोंधळी आणि आराधी अशा अनेक जातीजमातींच्या मानावर हा विधी उभा आहे. त्यांतला एक मान गळाला तरी तो अडतो.

सीमोल्लंघनाला या भागात शिलंगण म्हणतात. गावची वेस ओलांडायची, आपट्याचे सोने आणायचे आणि थोरांच्या हाती देऊन पाया पडायचे. या विधीमागे जुना लष्करी व्यवहार आहे. पावसाळ्यात नद्या-ओढे भरलेले असत, काळ्या मातीत गाडी आणि घोडा रुतत असे. आश्विनात वाटा सुकल्या, घोड्यांना चारा आणि माणसांना नवे धान्य मिळाले, की मराठ्यांच्या फौजा मोहिमेवर निघत. यात्रेकरू, लमाण आणि व्यापारी यांचाही प्रवास तेव्हाच सुरू होई.

टेलरने दसरा प्रथम लिहिला तो याच प्रवासाच्या काळ्या बाजूने. तरुणपणी पोलिसांचे काम करताना ठगांचे गुन्हे त्याच्या हद्दीत घडले होते आणि पुढे त्याने माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांचे जबाब ऐकले. त्यांवरून त्याने १८३९ साली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लिहिली. तिच्यातील अमीर अली या नायकाला ठगांच्या टोळीत दीक्षा मिळते ती दसऱ्याला. त्याच मुहूर्तावर टोळ्या रस्त्यांवर उतरतात आणि भवानी ही त्यांची रक्षणकर्ती असते. इंग्लंडमध्ये पुस्तक फार गाजले आणि भवानी हे नाव तेथील वाचकांच्या मनात खुनाशी जोडले गेले. ठग हा एका धर्मपंथासारखा संघटित समाज होता, ही त्या काळच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांची मांडणी अलीकडच्या अनेक इतिहासकारांना मान्य नाही. रस्त्यावरची लूट खरी होती, पण तिला धर्माचे रूप देण्यात कंपनी सरकारची सोय होती, असे ते दाखवतात.

१८६३ ची ‘तारा’ ही वेगळ्या हाताने लिहिलेली वाटावी इतकी निराळी आहे. तिचे कथानक तुळजापुरात सुरू होते. नायिका तारा ही देवीच्या सेवेतील एका विद्वान ब्राह्मणाची मुलगी, बालविधवा आणि वाचन-लेखन जाणणारी. मंदिराच्या पायऱ्या, डोंगराची कड, पहाटेची पूजा, घरातली बोलणी हे सारे टेलरने निवांतपणे रंगवले आहे. विजापूरचा सरदार अफझलखान, तुळजापूरवरील हल्ला आणि प्रतापगडाखालील भेट हा कथेचा कणा आहे. टेलरने ती १६५७ सालात घातली, कारण ‘राल्फ डार्नेल’ (१८६५) आणि ‘सीता’ (१८७२) या पुढच्या कादंबऱ्यांसह त्याला १६५७, १७५७ आणि १८५७ अशी शंभर वर्षांच्या अंतरांची मालिका हवी होती. प्रत्यक्षात खानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ रोजी झाला. त्याच्या स्वारीत भवानीला उपद्रव झाल्याचा उल्लेख सभासद बखरीत आहे आणि ती आठवण तुळजापुरात आजही सांगितली जाते. छत्रपती शिवाजी महाराजांची कुलस्वामिनी म्हणून या देवीचे स्थान महाराष्ट्राच्या मनात पक्के झाले, त्यामागे याच शरदाची घटना आहे.

‘तारा’मध्येही टेलरची ख्रिस्ती आणि राज्यकर्त्याची दृष्टी सुटत नाही. मूर्तिपूजेविषयी त्याची नापसंती अधूनमधून डोकावते. पण मधल्या काळात त्याने या गावांची गाऱ्हाणी ऐकली होती, सारा ठरवला होता आणि सणांच्या दिवसांत भाविकांची गर्दी पाहिली होती. गुन्हेगारांच्या जबाबातून ओळखलेली देवी आणि शेजाऱ्यांच्या देवघरातून ओळखलेली देवी यांतला फरक या दोन पुस्तकांत नोंदला गेला आहे.

कोजागरीची वाट

श्रमनिद्रा संपते ती आश्विन पौर्णिमेला. त्या पहाटे देवी पुन्हा सिंहासनावर येते. तिच्या दर्शनासाठी सोलापूर, कलबुर्गी, बिदर आणि तेलंगणाच्या सीमाभागातून लोक पायी येतात. सोलापूर-तुळजापूर रस्ता या दिवसांत चालणाऱ्यांसाठी वाहनांना बंद ठेवावा लागतो. अनवाणी माणसे रात्रभर चालतात आणि वाटेतली गावे चहा, फराळ, पाय दाबणे, औषधपाणी यांची सोय करतात. सोलापूरच्या मानाच्या काठ्या वाजतगाजत येतात. या गर्दीत मराठीइतकीच कन्नड आणि तेलुगू ऐकू येते. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेने हैदराबाद राज्य तीन राज्यांत वाटले गेले, पण कोजागरीच्या वाटेवर ते तिन्ही तुकडे दरवर्षी एकत्र चालतात.

भेंडोळी

दिवाळीच्या अमावास्येला संध्याकाळी तुळजापुरात भेंडोळी निघते. देवीचा रक्षक मानल्या जाणाऱ्या काळभैरवाचे ठाणे मंदिरामागच्या कड्यावर आहे. लांब दांड्याला तेलात भिजवलेल्या चिंध्यांचे मोठे पलिते बांधून तेथे ते पेटवतात. जळती भेंडोळी खांद्यावर घेऊन तरुण कडा उतरतात, भवानीच्या मंदिरात येतात आणि गावातून वेशीकडे धावत जातात. दोन्ही बाजूंच्या लोकांना धग लागते, ठिणग्या उडतात, तरी वाट सोडून कोणी हटत नाही. अशी प्रथा काशीनंतर येथेच आहे, असे तुळजापूरकर अभिमानाने सांगतात.

इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यातील ल्यूइस या गावी ५ नोव्हेंबरच्या रात्री याच प्रकारे जळते पलिते घेऊन मिरवणुका निघतात. दोन्ही उत्सव बहुधा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने येतात आणि दोन्हींत आग गल्लीबोळांतून फिरवली जाते. फरक आशयाचा आहे. ल्यूइसची आग एका ठरावीक वर्षाची, माणसामाणसांतल्या वैराची आठवण ठेवते. त्या गावात सोळाव्या शतकात जिवंत जाळलेल्या १७ प्रोटेस्टंट हुतात्म्यांसाठी १७ जळते क्रूस वाहिले जातात. भेंडोळीला शत्रू म्हणून कोणी माणूस नाही. भैरवाने देवीची भेट घ्यावी आणि गावावरची इडापिडा वेशीबाहेर जावी, एवढेच तिच्याकडून मागितले जाते.

सप्टेंबरची तारीख

वैर आणि स्मरण यांचा प्रश्न धाराशिवपुढे वेगळ्या तारखेने उभा राहिला. १९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि त्याला सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून उस्मानाबाद म्हणत. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या कार्याची पायाभरणी याच जिल्ह्यात झाली. १९२१ साली हिप्परगा येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय शाळेत त्यांनी शिकवले. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांचा पुढारी कासिम रझवी हाही लातूरचा वकील, आणि लातूर १९८२ पर्यंत याच जिल्ह्यात होते. निजामविरोधी लढ्याच्या दोन्ही टोकांची माणसे एकाच जिल्ह्यात वावरली. रझाकारांच्या अत्याचारांमुळे अनेक कुटुंबांना सोलापूरच्या बाजूला आश्रय घ्यावा लागला आणि सरहद्दीवर सशस्त्र प्रतिकाराचे कॅम्प उभे राहिले.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालील भारतीय फौजा सोलापूरकडून हैदराबाद राज्यात शिरल्या. पहिली मोठी चकमक टेलरच्याच नळदुर्गात झाली. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागणे गरजेचे होते आणि तो मिळाल्यामुळे रणगाड्यांची वाट मोकळी झाली. त्या दिवशी नळदुर्गजवळ शीख रेजिमेंटचे हवालदार बचित्तर सिंग यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. जळकोट, उमरगा मागे टाकत फौज पुढे गेली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांत हा दिवस ध्वजवंदनाने पाळला जातो आणि हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते.

या स्मरणाला एक दुखरी बाजू आहे. कारवाईनंतरच्या आठवड्यांत अनेक ठिकाणी निरपराध मुस्लिम कुटुंबांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्या वर्षाअखेर दौरा केला. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबादचे नाव घेतले, आणि तिचा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. रझाकारांच्या बळींचे आणि सुडाच्या बळींचे स्मरण एकाच दिवशी करता आले, तर मुक्तिसंग्रामाची थोरवी उणावणार नाही, वाढेल. दुसऱ्याचा द्वेष गळून गेल्यावरही स्मृतिदिन टिकतो आणि अधिक लोकांचा होतो, हे ५ नोव्हेंबरच्या इतिहासाने दाखवले आहे.

टेलर १३ मे १८७६ रोजी फ्रान्समधील मांतों येथे वारला. तो गेल्यानंतर या जिल्ह्याने निजामी पाहिली, मुक्ती पाहिली, भाषावार राज्य पाहिले आणि २०२३ साली आपले धाराशिव हे नाव परत मिळवले. परतीच्या पावसावर भरणारी बोरी, पितृपक्षातली घोरनिद्रा, काळ्या मातीतले घट, शिलंगण, कोजागरीची वाट आणि भेंडोळी हा क्रम मात्र राज्ये बदलूनही चालू राहिला. तो कोणत्याही राज्यकर्त्याच्या कायद्याने सुरू झालेला नव्हता. पावसाच्या आणि पेऱ्याच्या वेळापत्रकावर तो बसवलेला आहे, आणि पलंग घडवणाऱ्यापासून पोत पेटवणाऱ्यापर्यंत प्रत्येकाचे काम त्यात ठरलेले आहे. परक्या माणसाला ही रचना कळायची तर त्या कामांच्या शेजारी काही वर्षे राहावे लागते. टेलर राहिला, आणि म्हणून ‘ठग’ लिहिणारा माणूस ‘तारा’ लिहू शकला.